चाकाले हात लाव

“बुढे, चाकाले हात लाव. साहेबाची माफी माग.”

तो असं म्हणाला आणि मी वाकले.

माझं वय सत्तरीच्या घरात. गुडघे धरतात. तरी मी लगेच वाकले, विचारसुद्धा केला नाही. चाक ओलं होतं. दोन्ही हात लावले आणि झणझणलं, कारण बोटांची साल निघालेली होती. भोवती पाच-सहा माणसं उभी होती. त्यातला एक म्हणाला, कपाळही टेकव, दसऱ्याचे दिवस आहेत, गाडी म्हणजे लक्ष्मी. मी कपाळही टेकवलं.

हे मी आधी सांगते. तांड्यावरच्या बाया माझी गोष्ट सांगतात तेव्हा वाकणं गाळतात. मी गाळत नाही. मी वाकले होते.

तो म्हणजे दुकानाचा मालक. मालेगावात वाशिम रोडवर गाड्या धुऊन पॉलिश करायचं त्याचं दुकान आहे. किन्हीराजा गावाकडं त्यांची मोठी शेती, आमचा तांडा तिथून जवळच. त्यांच्या शेतात मी अर्धं आयुष्य निंदण केलं. हंगामात ऊसतोडीला जायची. ते अंगाला झेपेना, तेव्हा त्याच्या आईनं मला दुकानात लावलं. काम एकच, पॉलिशचे पॅड धुणं.

पॅड म्हणजे ताटलीएवढी स्पंजाची गोल चकती. मशीनच्या तोंडाला लावतात आणि गाडीवर गरगर फिरवतात. मशीनला धरून राहावी म्हणून मागून एक पट्टी गोंदानं चिकटवलेली असते. पॉलिश, मेण, गाडीचा काळा मळ, सगळं स्पंजात बसतं आणि वाळून दगड होतं. तो कसा काढायचा हे मला कोणी शिकवलं नाही. माझी आई आरसे लावलेली कांचळी, आमची चोळी, रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवायची. सोडा घातला की दोऱ्याचा रंग सुटतो, टाका सैल होतो, हे मला लहानपणापासून माहीत. पॅडचंही मी तसंच केलं. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, अंगठ्यानं दाबत राहायचं. पिळायचं नाही. वाळत घालताना पट्टी वर, स्पंज खाली, म्हणजे पाणी गोंदात मुरत नाही. दोन वर्षांत माझ्या हातून एक पॅड खराब झाला नाही. त्याबद्दल कोणी कधी काही बोललं नाही. पिण्याचं पाणी मात्र वेगळं. पुढच्या माठाला हात लावायचा नाही, मागच्या नळाचं प्यायचं. मी तेही पीत होते.

दसऱ्याच्या आधी गाड्यांची रीघ लागते. पूजेला प्रत्येकाची गाडी चकचकीत पाहिजे. पॅड पुरेनात. मालकानं एक पांढरा कॅन आणला. स्वयंपाकघरातल्या चिमणीचं, शेगडीचं जळकं तेल काढायचं औषध. म्हणाला, पाणी घालू नको, नुसत्यात भिजव, पाच मिनिटांत मळ निघते.

माझी शाळा चौथीपर्यंत. मराठी वाचता येतं. कॅनवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, पाणी मिसळून वापरा, हातमोजे घाला. मी त्याला ते वाचून दाखवलं. म्हटलं, भाऊ, यानं गोंद सुटन, पट्टी निंगून येईन.

तो मशीनवाल्या पोरांकडं वळला. “पाहा बे, तांड्यावरची इंजिनेर.”

सगळे हसले. मीपण हसले. ते हसणं मला वाकण्याहून जास्त बोचतं.

मोजे मागितले. तो म्हणाला, ऊस तोडलेले हात आहेत तुहे, त्याईले काय होते. मी बारा पॅड भिजवले. मळ खरंच सुटला, काळा, तेलकट. हात आधी बुळबुळीत लागले. मग आग झाली. घरी जाईपर्यंत बोटांची टोकं पांढरी पडली आणि सकाळी साल निघाली. तशीच कामावर गेले.

त्या दिवशी अनसिंगहून एक गाडी आली होती. मोठी, काळी. मशीन चालू असताना पॅडची पट्टी सुटली, स्पंज उडाला आणि मशीनची उघडी चकती बॉनेटवर घासली. भाकरीएवढा पांढरा चट्टा पडला.

गाडीवाला ओरडला नाही. हे कोणी केलं, एवढंच त्यानं विचारलं. मालकानं बोट माझ्याकडं केलं. बुढीनं घरून कॉस्टिक सोडा आणला म्हणाला, मले न इचारता पॅड त्यात टाकले म्हणाला. मग चाकाला हात लावायला सांगितलं. पुढचं आधी सांगितलंच आहे.

मी उठून उभी राहिले तर मालकानं खिशातून मोबाइल काढला. साहेबाच्या समाधानासाठी व्हिडिओ करतो म्हणाला. “तोंडानं सांग आता. मी घरून सोडा आणला, माह्या हातानं टाकला. बोल.”

तिथं मी थांबले.

वाकायची मला सवय होती. निंदणात वाकलेली, उसात वाकलेली, मुकादमापुढं वाकलेली. पाठ आपोआप खाली जाते. पण हे तोंडानं म्हणायचं होतं. जे केलं नाही ते केलं म्हणायचं आणि तांड्यावरच्या प्रत्येक मोबाइलवर ते जायचं. माझ्या नाती ते ऐकणार. आपली आजी खोटारडी, वरून अडाणी, हे माझ्याच तोंडून.

मी मागं गेले. कॅन उचलला, घमेलं उचललं. त्याच्यासमोर ठेवलं आणि कॅन घमेल्यात ओतला. वासानं एकजण मागं सरकला. इतकी वर्षं मी त्याला तुमी म्हणत होते. त्या दिवशी तू म्हणाले.

“मोबाइल चालू ठेव. हे तू आणलं. मी वाचून दाखवलं, तू हासला. यानं काई होत नाई ना? घाल हात.”

कोणी हसलं नाही. त्यानं मोबाइल खाली घेतला. म्हणाला, निंघ इथून.

“निंघतो. पह्यले हात घाल.”

त्यानं हात घातला नाही. गाडीवाल्यानं कॅनवरचं लिहिलेलं वाचलं, माझी बोटं पाहिली. त्याला सगळं कळलं होतं. तरी तो एवढंच म्हणाला, माह्या गाडीचं काय ते बोला. माझ्या बाजूनं तिथं कोणी नव्हतं. मी चपला घातल्या आणि निघाले.

दसरा झाला. मालकानं आमच्याच तांड्यावरची दुसरी बाई ठेवली, माझ्या सुनेच्या वयाची. मी बाजारच्या दिवशी तिथं गेले. फाटकाबाहेर, रस्त्यावर उभी राहिले आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात तिला सांगितलं, औषधात दहापट पाणी घाल, मोजे घेतल्याशिवाय हात घालू नको, दुसऱ्यानं केलेलं आपण केलं म्हणू नको. ती मान खाली घालून पॅड दाबत राहिली. मग हळूच म्हणाली, मावशी, जा वं, माहं काम जाईन.

तिचं काही चुकत नाही. तिच्या घरी खाणारी तोंडं आहेत. तरी मी दर आठवड्याला बाजारच्या दिवशी जाते आणि तेच सांगते. मालकानं दोनदा मला हाकललं. पोलिसांची धमकी दिली. मी म्हटलं, बोलव.

बारा बाजार झाले. ती अजून माझ्याकडं पाहत नाही. मी जाणं सोडणार नाही.