दोनदा कमी केलेलं नाव

चतुर्थीचे गणपती पोचवून आठ दिवस झाले असतील. विधानसभेची निवडणूक जवळ आलेली, म्हणून मी मतदारयादी घेऊन वरच्या वाडीत घरोघरी फिरत होते. एका घरासमोरच्या खळ्यात बसून नव्या सुनेचं नाव लिहून घेत होते, तेवढ्यात आमच्या ह्यांचा फोन आला. "शांताराम गेलो," एवढंच म्हणाले. आणि माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हटलं, "खंयचो शांताराम?" हे म्हणाले, "आपलोच गो. शिवणाचो." मी पुन्हा विचारलं, "नक्की मां?" माणूस गेल्याची बातमी कळल्यावर कोणी असं विचारतं का... पण मला विचारावंच लागलं. ह्याच शांतारामअण्णांना पाच वर्षांपूर्वी मी एकदा कागदावर मारून ठेवलं होतं.

आचऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. मी इथल्या अंगणवाडीत सेविका, आणि त्याच्या जोडीला मतदारयादीचं काम. गावात मला बीएलओ म्हणतात, आणि त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. कोण अठराचं झालं, कोण लग्न होऊन आली, कोण वारलं, हे घरोघरी जाऊन बघायचं आणि यादी नीट ठेवायची. शांतारामअण्णा तिठ्यावर शिंपीकाम करायचे. एका पक्षाचे जुने, अगदी मुरलेले कार्यकर्ते. मतदानाच्या दिवशी शाळेच्या बाहेर, ठरवून दिलेल्या अंतरावर त्यांच्या पक्षाचं टेबल लागायचं, त्यावर अण्णा चष्मा नाकावर घेऊन चिठ्ठ्या काढत बसलेले. समोरच्या टेबलावर आमचे हे, दुसऱ्या पक्षाचे. दिवसभर एकमेकांना टोमणे मारायचे आणि दुपारी आमच्याच घरून दोघांना जेवण जायचं. भाषणांपेक्षा अण्णांचा जीव त्या यादीवर. कुठल्या घरातली मुलगी कुठे दिली, मुंबईवाल्यांपैकी कोण खरंच येणार आणि कोण नुसतं येतो म्हणणार, हे त्यांना पाठ. मी नवी होते तेव्हा यादी घेऊन त्यांच्या मशीनपाशी बसायचे. ते पाय मारत मारत सांगायचे, मी लिहायचे. बाकी पक्षांच्या पताकाही तेच शिवायचे. "कापडाक खंय पक्ष आसता गो बाय," म्हणायचे. आता पताका छापूनच येतात ती गोष्ट निराळी.

आणि गाऱ्हाणं घालायचे तेच. आमच्याकडे काहीही करायचं म्हटलं की आधी देवासमोर नारळ ठेवायचा, जाणत्या माणसाने देवाला सगळं सांगायचं, आणि बाकीच्यांनी मागून "होय म्हाराजा" म्हणायचं. निवडणुकीचा नारळही असाच ठेवतात. सगळे पक्ष येतात, फक्त एकमेकांची वेळ टाळून येतात. अण्णा स्वतः एका पक्षाचे असले तरी देवळाच्या पायरीवर चप्पल काढली की पक्षही तिथेच काढून ठेवायचे. सगळ्यांसाठी एकच मागणं, "जेच्या हातान गावाचा बरा होयत, तेका यश दी." उमेदवारांना ते जरा बोचायचं. आपलं नाव घेऊन मागावं असं प्रत्येकाला वाटायचं. पण अण्णांना सांगणार कोण?

आता माझी गोष्ट सांगते. ती मी आजवर चारचौघांत कुठे बोलले नाही. आमच्या यादीत दोन शांताराम. नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तर अख्ख्या वाडीचं एकच. एक आमचे अण्णा, दुसरे मुंबईला राहणारे, चतुर्थीला आणि जत्रेला येणारे. मागच्या विधानसभेच्या आधी ते मुंबईचे शांताराम वारले. त्यांच्या मुलाने फोन करून दाखलाही पाठवला, म्हणाला, तेवढं वडिलांचं नाव कमी करून टाका. नाव कमी करायचं तर नियम असा की त्या घरी जायचं, घर क्रमांक बघायचा, शेजाऱ्यांना विचारायचं आणि मग लिहायचं, प्रत्यक्ष घरी जाऊन खात्री केली. मी गेले नाही. ते घर बंद, कुलूप लागलेलं, बंद घरात जाऊन खात्री कसली करायची, असं मनात म्हटलं. ऊन होतं, अंगणवाडीचा अहवाल राहिला होता... कारणं काय, हवी तेवढी सापडतात. घरी बसून फॉर्म भरला, "घरी जाऊन खात्री केली" लिहिलं, खाली सही ठोकली. आणि यादीत वर जो शांताराम दिसला त्याचा क्रमांक घातला. खालचा बघितलाच नाही.

मतदानाच्या दिवशी अण्णा नेहमीसारखे पहिले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. आतल्या माणसाने शेवटची पुरवणी यादी बघितली, जी अण्णांच्या टेबलावर आलीच नव्हती, आणि म्हणाला, तुमचं नाव कमी झालंय, मयत म्हणून. अण्णांना आधी गंमतच वाटली. मग कळलं की खरंच मतदान करता येणार नाही, तेव्हा ते बाहेर येऊन शाळेच्या पायरीवर बसले. आयुष्यात एक निवडणूक चुकवली नव्हती त्या माणसाने. दुपारपर्यंत टेबलावर बसून दुसऱ्यांना चिठ्ठ्या काढून देत होते, आणि येणारा प्रत्येक जण विचारत होता, अण्णा, तुमचा झाला? ते फक्त मान हलवायचे. मी लांबून बघत होते.

मग व्हायचं ते झालं. त्यांच्या पक्षाचे तालुक्याचे लोक गाडी घेऊन आले. बाईने मुद्दाम केलं, नवरा दुसऱ्या पक्षाचा, त्याच्याच सांगण्यावरून आमचा माणूस मेलेला दाखवला, असं चारचौघांत बोलायला लागले. तक्रार तयार केली, अण्णांनी फक्त सही करायची होती. ती सही झाली असती तर चौकशी लागली असती आणि माझी अंगणवाडी गेली असती. अण्णांनी सही केली नाही. मी मात्र घाबरून पहिल्याच दिवशी बोलून गेले होते, "मी घरी जाऊन आले होते, वर कॉम्प्युटरमध्ये काहीतरी घोळ झाला." कॉम्प्युटर बिचारा काय बोलणार? पण पक्षाच्या पोरांचं समाधान होईना. शेवटी ठरलं की देवळात यायचं, नारळावर हात ठेवायचा आणि देवासमोर सांगायचं.

त्या सकाळी देवळात जाताना वाटभर डोक्यात एकच चाललं होतं. मी मुद्दाम केलं नव्हतं, ते शपथेवर सांगायला मला काही वाटलं नसतं. पण त्यांनी विचारलं असतं, घरी गेली होतीस का, तर? देवासमोर खोटं बोलायचं की गावासमोर खरं? हे बाजूला उभे, त्यांनाही मी खरं सांगितलं नव्हतं. नारळ ठेवला, मी हात ठेवला. गाऱ्हाणं घालायला अर्थातच अण्णा. ज्याचं नाव मी मारलं तोच माझी बाजू देवाला सांगणार, असा सगळा प्रकार. अण्णांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा," म्हणाले, "ह्या चेडवान जा काय केल्यान ता कोणाचा वायट चिंतून करूक नाय. तिच्या मनात पाप नाय. ह्यो घोळ झालो तो हंयच सोपव, आणि उद्यापासून गावाक एकदिलान नांदव रे म्हाराजा." मागून सगळे "होय म्हाराजा" म्हणाले. मीही म्हणाले. ते म्हणताना एक शब्द खोटा बोलावा लागला नाही. कोणीतरी मागून म्हणालं, घरी गेली होती का ते पण विचारा. अण्णांनी तोवर नारळ उचलला होता. म्हणाले, "गाऱ्हाणा झाला. आता परत देवाक उठवूचा नाय." विषय तिथे संपला.

पुढे अण्णांनी कचेरीत जाऊन आपलं नाव पुन्हा चढवून घेतलं आणि लोकसभेला मतदान केलं. मला बघितलं की मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "इली गो माझी मारेकरीण," आणि सगळे हसायचे. मीही हसायचे. पण मला ते हसणं कुठेतरी रुतायचं. ह्या माणसाने मला वाचवलं, आणि मी त्यालाच खोटं सांगून बसलेय. कितीदा बोलायचं ठरवलं. मशीनपाशी जाऊन बसायचे, काहीतरी फाटकं शिवायला द्यायचे आणि परत यायचे.

ह्या वर्षी अण्णा आजारी पडले आणि पडवीतल्या खाटेला लागले. निवडणुकीचं वारं तेव्हाच सुटलं होतं. पूर्वी शाळेबाहेर दोन टेबलं लागायची, आता एकेका पक्षाचे दोन दोन झालेत, त्यामुळे यंदा किती लागतील ते देव जाणे. इच्छुक मंडळी अण्णांच्या आशीर्वादाला यायला लागली, आणि येताना प्रत्येकाच्या हातात शाल. मी चतुर्थीच्या दोन दिवस आधी गेले तर खाटेच्या उशाशी चार शाली. अण्णा म्हणाले, "माका थंडी वाजता म्हणान कोणी सांगल्यानी यांका?" मी हसले आणि हसता हसताच मला रडू फुटलं. मग म्हटलं, आता नाही तर कधी? सगळं सांगितलं. अण्णा, मी घरी गेले नव्हते. कॉम्प्युटरचं काही चुकलं नव्हतं. मी खोटं लिहिलं आणि खोटं बोलले.

अण्णा म्हणाले, "माका ठावक आसा." तक्रारीवर सही मागितली तेव्हा ते एकटेच कचेरीत गेले होते, आणि तिथल्या माणसाने त्यांना माझा तो फॉर्म दाखवला होता. घरी जाऊन खात्री केली, खाली माझी सही, वर तारीख. "त्या तारखेक मी दिवसभर घराकच हुतंय. तू खंय इलंस?" मी म्हटलं, मग सांगितलं का नाही कोणाला? तर म्हणाले, "माझा एक मत गेला. तुझी नोकरी गेली असती. आणि तुजो घोव नि मी जन्मभर समोरासमोर बसतो, ता पण गेला असता." मग म्हणाले, "आणि गाऱ्हाणा काय उगाच तसा घातलंय काय गो?" तेव्हा मला उमगलं. देवळात कुठला शब्द घ्यायचा आणि कुठला गाळायचा, हे त्या माणसाने रस्त्यानेच ठरवून आणलं होतं. निघताना म्हणाले, "मी आसय तवसर कोणाक सांगा नको. पक्षवाले माका झोपाक देवचे नाय. मी गेल्यावर खुशाल सांग, तुका बरा वाटात." म्हणून आज लिहिते आहे. ह्यांना मात्र त्याच दिवशी घरी आल्यावर सांगितलं, तेवढं राहवलं नाही. ते दुसऱ्या दिवशी अण्णांच्या घरी जाऊन दुपारभर त्यांच्याशी पत्ते खेळून आले. माझ्या छातीवरचं ओझं इतकं उतरलं होतं, की चतुर्थीला कित्येक वर्षांनी मी आरती मनापासून म्हटली.

अण्णा गेल्यावर तिठ्यावर त्यांना श्रद्धांजली वाहणारे चार फलक लागले, चार पक्षांचे, फोटो एकच. त्यांच्या सुनेला, स्मिताला, कोणीच विचारलं नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर मी फॉर्म घेऊन त्यांच्या घरी गेले. वाटेत दोन ठिकाणी बायांनी विचारलं, आता कित्याक जातस, तुका ठावक नाय काय ते गेले? मी म्हटलं, ठाऊक आहे, तरी जायचं आहे. घराच्या चौकटीवरचा क्रमांक वाचला, यादीतल्या क्रमांकाशी लावून बघितला, मग पडवीत गेले. खाट उचलून ठेवली होती. मशीनवर स्मिताने फडकं घातलं होतं, आणि त्यावर त्या चार शाली घडी करून ठेवलेल्या.

बसले आणि म्हटलं, स्मिता, तुला एक सांगायचं आहे, मागच्या वेळी अण्णांचं नाव... तिने मला पुरतं बोलूच दिलं नाही. म्हणाली, "बाय, ह्या घरात सगळ्यांक ठावक आसा. अण्णांनी तेव्हाच सांगल्यानी. म्हणाले, ती आपणहून सांगीपर्यंत तिच्यासमोर विषय काढूचो नाय." पाच वर्षं. ह्या पाच वर्षांत मी त्या घरात किती वेळा गेले, तिच्या हातचं किती खाल्लं, तिच्या पोरीला अंगणवाडीत मीच अक्षरं गिरवायला शिकवली. एकानेही मला जाणवू दिलं नाही. मी फॉर्म काढला, आणि "प्रत्यक्ष घरी जाऊन खात्री केली" ह्या ओळीपाशी आले तेव्हा पेन थांबलं.

स्मिता चहा घेऊन आली, कप माझ्यासमोर ठेवला आणि वाकून फॉर्मकडे बघितलं.

"लिही गो," म्हणाली. "आज खराच इलंस मां?"