चव्वेचाळीस दोरांचा मैल

मी नि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दोर गुंडाळणं. लॉरीवरचा माल आवळायचा जाड दोर, माझ्या हातांनी वीस वाव लांब, म्हणजे दोन्ही हात पसरून वीसदा मोजावा तेवढा. सकाळी तो रस्त्यावर फरफटवला होता, चिखलाने भरला होता, म्हणून दुपारपर्यंत अंगणात उन्हात टाकला. मग एका टोकाला ती बसली, दुसऱ्या टोकाला मी.

"अवो, असा नाय. पीळ पडतो. कोपरावरून घ्या."

"लॉरी मी चालवतो नि दोर तू शिकवतेस काय गो?"

"लॉरी शेठची हाय. दोर पन शेठचाच."

तिने आपला अर्धा दोर गुंडाळला, चाकासारखा गोल. तेवढ्यात गोठ्यात म्हैस ओरडली. ती उठली, विळा घेतला आणि म्हणाली, "ऱ्हायलेला तुम्ही गुंडाळा. पीळ पाडू नका." आणि गवताला गेली. मी माझा अर्धा मला पाहिजे तसा गुंडाळला.

दोर रस्त्यावर कशाला नेला होता ते आधी सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा भरकटला. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायचं तर सरळ लिहायचं, एवढंच मला येतं.

मी महाडच्या एका शेठची लॉरी चालवायचो. घर कापड्याला. मुक्काम असला की लॉरी दारात उभी. त्या खेपेला सुक्या मासळीची पोती घेऊन कोल्हापूरच्या पुढे, म्हैसूर राज्यात जायचं होतं. ही म्हणाली, मला अंबाबाई दाखवा, लग्न झाल्यापासून नुसतं बोलताय. शेठ हो म्हणाला. कोल्हापुरात तिने लॉरी देवळापासून लांब उभी करायला लावली, मला दोन वेळा आंघोळ घातली आणि मगच आत नेलं. देवीला वास जायला नको म्हणे.

पुढे कोल्हापूर सोडलं, राज्य बदललं, रस्ता सपाट लागला. ही खिडकीशी बसून बाहेर बघत होती. मध्येच म्हणाली, "अवो, इथले मैल लई जवळ जवळ हाइत."

आमच्याकडे मैलाच्या दगडालाच मैल म्हणतात. मैलापाशी उतर, मैलावर बसली होती, असं. ही लहानपणापासून लाकडाचा भारा डोक्यावर घेऊन पोलादपूरच्या बाजाराला चालत गेलेली. एका मैलापासून दुसऱ्या मैलापर्यंत मान किती दुखते हे तिला ठाऊक. वाचता येत नव्हतं, पण मैल कळत होता.

मी म्हटलं, "गप बस. मैल काय तुझ्या बापानं लावलेत जवळ नि लांब?"

अर्ध्या तासात पोलिसाने हात केला.

दोघे होते. एक मागच्या दगडापाशी रुमाल हलवायला, एक पुढच्या दगडापाशी घड्याळ घेऊन. घड्याळवाला म्हणाला, "मैलापासून मैलापर्यंत एक मिनिट चाळीस सेकंदात आलास. ताशी छत्तीस. जड गाडीला इथं पंचवीस."

"साहेब, भरल्या पोटी ही गाडी छत्तीसनं पळाली तर शेठ हिला हार घालील."

"मैलापासून मैलापर्यंत तूच आलास ना?"

"आलो की."

"मग कर सही."

केली. काय लिहिलंय ते वाचता आलं नाही, लिपी तिकडची. ही शेजारून बघत होती. काही बोलली नाही. मीच गप केलं होतं ना.

समन्स आला. माझ्या लायसनवर आधीच एक शेरा होता, महाडच्या बाजारात एका बैलगाडीला घासलो होतो त्याचा. हा दुसरा पडला की लायसन जाणार. शेठ म्हणाला, "दंड भर आणि मोकळा हो." मी म्हटलं, दंडाचं काही नाही, शेऱ्याचं काय? आणि केलं नाही ते कबूल का करू? शेठने खांदे उडवले आणि निकाल लागेपर्यंत लॉरी दुसऱ्याच्या हातात दिली. लॉरी महाडला गेली. मी घरी.

पहिल्या तारखेला एसटीने दोन दिवस खाल्ले. मॅजिस्ट्रेटसाहेबांना मराठी येत होतं. विचारलं, "त्या मैलापासून पुढच्या मैलापर्यंत गाडी तूच चालवत होतास?"

"होय साहेब. मैलापासून मैलापर्यंत मीच."

लिहून घेतलं. बाहेर आल्यावर कारकून हसत म्हणाला, "वा! मैलभर अंतर होतं हे तुम्हीच कबूल केलंत." मी म्हटलं, मी दगडाला म्हणालो. तो म्हणाला, "तुम्ही मैल म्हणालात."

आता बोला! आईच्या दुधाबरोबर आलेला शब्द, तोच माझ्यावर उलटला.

घरी येऊन मी दोन दिवस शिव्या दिल्या. पोलिसाला, कारकुनाला, घड्याळ काढणाऱ्याला. ही भाकऱ्या थापत होती. शेवटी म्हणाली, "शिव्या दिऊन झाल्या असल्या तर आयका. मी तवाच बोलले व्हते. तिथले मैल जवळ हाइत. जाऊन मोजा."

"मोजू कशानं? तुझ्या भाऱ्यानं?"

"दोर हाय ना."

गाडी गेली होती, पण दोर घरीच राहिला होता. दुसऱ्या दिवशी पोलादपूरच्या रस्त्याला दोघं गेलो. ती एक टोक धरून उभी, मी दुसरं टोक घेऊन पुढे. मग ती पुढे. गुराखी विचारायचे, "काका, रस्ता इकत घेतलास काय?" ही परस्पर उत्तर द्यायची, "होय, तुमाला टोल बसणार." मैल भरला चव्वेचाळीस दोर.

पुढच्या तारखेला तोच दोर खांद्यावर टाकून गेलो. कोर्टाआधी त्या रस्त्याला उतरलो. एक टोक धोंड्याखाली दाबून एकट्याने मोजलं. सव्वासत्तावीस दोर! कपाळावर हात मारला. तिथल्या चहावाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अहो, हे नवे दगड किलोमीटरचे. जुने मैलाचे मागच्या वर्षीच उपटले. सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना माहीत! मग कोर्टाला? त्या दिवशी मॅजिस्ट्रेटसाहेब रजेवर. कारकुनाला सांगितलं तर म्हणाला, "ते मलाही माहीत आहे. पण कागदावर मैल लिहिलाय ना."

"मग खोडा."

"मी कोण खोडणारा? साहेबांना सांगा. आणि हा दोर पावसात आखडला नसेल कशावरून? तुमच्याकडचा मैल या दोराने किती भरतो ते पुन्हा मोजा, पाटलाची सही आणा." आणि तारीख दिली. लायसन पण जमा करून घेतलं, ते वेगळंच.

ते मोजायचं आम्ही शेवटपर्यंत ठेवलं, मध्ये पाऊस उघडत नव्हता. परवा तारीख, उद्या पहाटे निघायचं, आणि आज सकाळी ऊन पडलं. पोलीस पाटलाला बरोबर घेतलं. पुन्हा चव्वेचाळीस. पाटलाने सही केली आणि हिला म्हणाला, "वयनी, तू कोर्टात उभी ऱ्हा, ह्याच्यानं काय व्हनार नाय." ही हसली. घरी येऊन दोर वाळवला, गुंडाळायला बसलो. पुढचं वर सांगितलंच आहे.

गवतात तिला पान लागलं. आमच्याकडे साप चावला असं तोंडाने म्हणत नाहीत. शेजारणीने हाक मारली तोवर पाय सुजला होता. लॉरी दारात असती तर पोलादपूरचा दवाखाना किती लांब? गाडी पळवली म्हणून लॉरी काढून घेतली, आणि पळवायची तेव्हा चौघांनी खाटेवर घालून तिला चालत न्यायचं. सकाळी मोजलेल्याच रस्त्याने. दुसऱ्या मैलापाशी तिने पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत संपली.

परत आणलं. तिरडी बांधायला दोर पाहिजे होता. थोरल्या भावाने ओटीवरचा दोर उचलला, कापायला कोयता घेतला. मी त्याचा हात धरला.

"ह्याला हात लावायचा नाय."

"अरे, तिच्यासाठी हाय."

"दुसरा आण. सुंभ आण. ह्याला नाय."

लोक माझ्याकडे बघायला लागले. बायको गेली आणि हा दोराला जपतोय. म्हणोत. दोर कापला असता तर चव्वेचाळीस कशाचे सांगणार होतो?

सगळं आटोपून आलो तेव्हा दिवस मावळला होता. मी पिशवी भरायला घेतली. भाऊ दारात उभा राहिला. "सुतकात कुठं चाललास? दहा दिवस घर सोडायचं नाय. लोक थुंकतील."

"तारीख हाय."

"तारीख परत मिळंल."

"तेच ते दर खेपेला सांगतात."

त्याचं बरोबरच होतं म्हणा. निकाल सांगून टाकतो. त्या तारखेला साहेबांनी दोर बघितला, पाटलाचा कागद बघितला आणि बांधकाम खात्याचा अहवाल मागवला. अहवाल यायला तीन तारखा गेल्या. मग तो घड्याळवाला बदलून गेला, साक्षीला आला नाही. शेवटी फाईल बंद केली, लायसन माझ्यासमोर टेबलावर टाकलं. शेरा नव्हता. पण तुझा मैल खरा होता, असं एकानेही म्हटलं नाही. कागदावर आजही मैलच लिहिलेला असेल. आणि दगड जवळ आहेत हे पहिल्यांदा कुणी सांगितलं, ते तर कोर्टाने विचारलंच नाही. मी सांगायला लागलो तर साहेब म्हणाले, मुद्द्याचं बोला.

तर तिला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर जाणाऱ्या पहिल्या गाडीला हात केला. कंडक्टर म्हणाला, "बाबा, बैल कुठं सोडलात? दोर टपावर टाका."

"नाय टाकत."

"मग त्याचं तिकीट पडेल."

"फाड."

खिडकीची जागा मिळाली. दोर मांडीवर घेतला. तिचा अर्धा तसाच गोल होता. माझ्या अर्ध्याला जागोजागी पीळ पडले होते. गाडी घाट चढायला लागली तसा मी माझा अर्धा सोडला, टोक पायाखाली धरलं आणि कोपरावरून पहिल्यापासून गुंडाळायला घेतला.