यकृताचं पेव

मुरुम गावात राग म्हणून जो काही होता, त्याचा निम्म्याहून अधिक साठा एकट्या आमच्या शास्त्राच्या मास्तरांकडे होता आणि उरलेला त्यांनी ज्यांच्यावर राग काढला त्या आम्हा सर्वांकडे. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचो. आमच्या दोघांच्या खोल्यांत एकच भिंत होती. सकाळी पलीकडे स्टोव्हवर इंजेक्शनची सुई उकळायला लागली की मास्तर साऱ्या जगाचा उद्धार करायला लागत आणि माझा दिवस सुरू होई. त्यांना तरुणपणीच मधुमेह जडला होता. त्यापायी हैदराबादची डॉक्टरी दोन वर्षांत सोडावी लागली, आणि आता सोलापूरहून आणलेली इन्सुलिनची बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात जपावी लागे. खडू ओला निघाला तर ते चिडत. एसटी उशिरा आली तर चिडत, आणि वेळेवर आली तर जास्त चिडत, कारण ती उशिरा येणार हे धरून ते घरून निघालेले असत. नवरात्रात उपास करणाऱ्यांना ते मूर्ख म्हणत आणि उपास मोडणाऱ्यांना लबाड. "एवढे चिडता कशाला?" असं मी एकदाच विचारलं. "चिडतो म्हणून जिवंत आहे!" ते ओरडले. "राग आला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि यकृत आपलं पेव उघडतं. तुमच्यासारखी थंड माणसं उपाशी मरतील, उपाशी!" मीही काही थंड नव्हतो, पण त्यांच्यापुढे माझा राग म्हणजे समईपुढं काडी.

हे पेव त्यांच्या शिकवण्यातलं. आमच्याकडे ज्वारी जमिनीतल्या पेवात साठवतात, तशी शरीर साखर यकृतात ग्लायकोजेन करून साठवतं, असं ते पोरांना सांगत. त्याचा तक्ता काढायचा हुकूम मला झाला. पेवात ग्लायकोजेनची फांद्याफांद्यांची रास. फॉस्फोरिलेज नावाचा गडी तिचा एकेक दाणा तोडतो आणि त्याला फॉस्फेटची चिठ्ठी चिकटवतो. फाटा जवळ आला, चार दाणे राहिले, की हा गडी हात झटकून उभा. पुढचं काम दुसऱ्या एन्झाइमचं. ("आपल्या हेडक्लार्कसारखं," मास्तर दात ओठ खात म्हणत.) चिठ्ठी लागलेला दाणा पेवाबाहेर जाऊ शकत नाही. त्यासाठी यकृताच्या दारात फेटेवाला दरवान हवा, तो चिठ्ठी काढून घेतो आणि दाणा रक्ताच्या रस्त्याला लावतो. शेजारी स्नायूचं पेव. तिथे रास आहे, गडी आहे, पण दरवान नाही. त्यामुळे स्नायूची साखर त्याच्याच चुलीत जाते, गावाच्या कामाला येत नाही. मला ते दुसरं दार ओकंबोकं वाटलं, म्हणून शोभेसाठी तिथेही मी एक दरवान काढला, फेट्याचा रंग बदलून. मास्तरांनी डस्टर भिरकावलं. "स्नायूत दरवान कुठला? अहमक! तुमचा स्नायू अन्नछत्र घालतो काय?" पुढले तीन दिवस ते हेच बोलत होते, भिंतीतूनसुद्धा. कागद माझा, रंग माझे आणि शिव्याही मलाच. मी रागारागाने तक्ता पुन्हा काढला.

गावाला त्यांनी एक दम भरून ठेवला होता. "मला साखर दाखवाल तर याद राखा!" गावाने तो इतक्या प्रेमाने पाळला की हॉटेलवाला त्यांच्या चहाची कपबशी तीनदा विसळायचा आणि लग्नाच्या पंगतीत बुंदीचं ताट त्यांच्यासमोरून पळत जायचं. फक्त मला, भिंतीचा शेजारी म्हणून, त्यांनी एकदा वेगळं सांगितलं. "इंजेक्शन घेतलं आणि जेवण हुकलं, तर ते इन्सुलिन पेवाच्या दाराला कुलूप घालून बसतं. मग साखर हेच औषध. आधी मी वाट्टेल तसा चिडेन. मग गप्प होईन. गप्प झालो की घाबरा."

शाळेच्या तपासणीच्या दिवशी ते गप्प झाले. सकाळी दहाला येणारे साहेब दीड वाजला तरी आले नव्हते, आणि हेडमास्तरांनी आम्हाला डबा उघडायची बंदी करून हॉलमध्ये बसवून ठेवलं होतं. या हेडमास्तरांचा मला आजही संताप येतो. बारा वाजता मास्तरांनी खुर्चीला शिव्या दिल्या, साडेबाराला भिंतीवरच्या नकाशाला. मग त्यांच्या कपाळावर घाम आला, मान कलली आणि ते एकदम शहाण्या पोरासारखे बसले. मी साहेबांसाठी मांडलेल्या ट्रेमधला चहा उचलला, त्यात आणखी साखर ओतली आणि त्यांच्याकडे धावलो. शिपाई चाचांनी माझा हातच धरला.

"न्हाय सर! साखरंचं दुखणं हाय त्यास्नी. मारता का काय मानसाला?"

"अहो, आत्ता साखरच पाहिजे त्यांना!"

"धा वरसं झाली, तेच वरडून सांगत्यात न्हवं? म्या बगत बसू व्हय?"

त्या ओढाताणीत चहा सांडला. चाचांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. मी चाचांच्याच खोलीतून गुळाचे खडे आणले, पण मास्तरांनी दात घट्ट मिटले होते. हाका मारल्या, हलवलं, काही नाही. शेवटी मी त्यांच्या कानाशी जिवाच्या आकांताने ओरडलो, "मास्तर, तक्त्यात स्नायूला पुन्हा दरवान काढलाय मी!"

पापण्या हलल्या. भुवया हळूहळू गोळा झाल्या. "स्ना... स्नायूत... दरवान कुठ..." तोंड उघडलं तसा मी गूळ आत सरकवला. ते चघळत होते आणि अडखळत शिव्या देत होते, आणि शिवीगणिक मी नवा खडा देत होतो. अर्ध्या तासाने पुरते शुद्धीवर आल्यावर ते चाचांवर चिडले, हेडमास्तरांवर चिडले आणि माझ्यावर सगळ्यांत जास्त. "मी रागानं नाही, गुळानं उठलो! पोरांना उलटं सांगाल, तर बघा!" तेव्हापासून माझ्या खिशात कागदात बांधलेला गूळ कायम असे.

पुढे माझी बदली कळंबला झाली. मास्तर निवृत्त होऊन बेंबळीला पुतण्याकडे राहायला गेले. एकदा वाट वाकडी करून मी भेटायला गेलो. ओसरीवर बसले होते, वाळलेले, हसरे. पुतण्याची बायको कौतुकाने म्हणाली, "मामंजी आता कुनालाच काय बोलत न्हाईत. लई शांत झालेत." ‘गप्प झालो की घाबरा’ हे त्यांचंच वाक्य मला आठवलं. मी मुद्दाम म्हटलं, "मास्तर, स्नायूतली साखर रक्तात जाते, नाही का?"

"जात असंल," ते म्हणाले. "तुम्ही जेवून जा."

मी घाईने खिशातला गूळ काढून त्यांना दिला. त्यांनी तो निमूटपणे खाल्ला, बोटं पुसली आणि पुन्हा तसेच हसले. मी पाव तास वाट पाहिली, अर्धा तास पाहिली. जेवण झाल्यावरही ते तेवढेच शांत होते. परतीची एसटी अगदी वेळेवर आली आणि मी कंडक्टरशी कडाकडा भांडलो.