मूठभर कोंड्याला घेतलेली लेक

पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी परकर-पोलक्यात होते. शाळेचं तोंड काही पाहिलं नाही. वाचायला शिकले ते पुढं, माझ्या लेकाच्या पहिलीच्या पुस्तकावरून. तो मोठ्यानं वाचायचा अन् मी भाकऱ्या थापता थापता अक्षरं बघायची. एवढ्याशा भांडवलावर मला सर्व्हेचं काम मिळालं बघा! घरोघर जायचं, माणसं किती, लेकरं किती, कोण आजारी पडलं, सगळं विचारून लिहून आणायचं. खेड्यातल्या बाया पुरुषमाणसाशी असलं काही बोलायच्या नाहीत, म्हणून आमच्यासारख्यांना बोलावलं.

आता विचारलं की लोक लगेच सांगतात थोडंच? आमच्या उस्मानपुऱ्यातच एकीनं दाराआडून सांगितलं, "घर में कोई नई है."

मी म्हटलं, "फिर तू कौन बोल रई?"

आत खुदकन हसू फुटलं आणि कडी निघाली. पण सगळीच दारं अशी हसून उघडत नाहीत. न बोलणारं माणूस वाईट नसतं हो, त्याला कसली तरी भीती असते. कुणाला वाटतं रेशन बंद होईल, कुणाला वाटतं नसबंदीला धरून नेतील. भीती कशाची ते कळलं की कसं बोलावं तेही कळतं. आमच्या साहेबांना एवढा दम नसायचा. ते म्हणायचे, "बोलत नसेल तर 'नकार' लिहा अन् पुढच्या घरी चला."

पिशोरच्या पलीकडं मेंढरं राखणाऱ्यांची एक वस्ती होती. तिथं एक तरणी बाई अंगण झाडत होती आणि नुकतीच पाय फुटलेली एक पोरगी तिच्या पदराला लोंबकळत होती. मी विचारलं, "लेकरं किती गं बाई तुला?"

"मला नाय कोणी."

"मग ही?"

"शेजारणीची हाय."

पोरीनं मान वर केली आणि चांगलं खणखणीत "आई" म्हटलं. बाईनं झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला, तिला कडेवर घेतलं आणि दार लावून घेतलं.

मी शेजारी गेले. शेजारीण ओट्यावर मिसरी लावत बसली होती. म्हणाली, "व्हय, माझीच हाय ती."

"झोपते कुठं?"

"तिच्यापाशी."

"दूध कुणी पाजलं?"

"तिनंच की."

"मग तुमची कशी?"

"इकत घेतली! मूठभर कोंडा देऊन." ती हसली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिचं पहिलं झालं ते गेलं बघा. दुसरं बी गेलं. मंग ही झाली तशी मीच पदरात घेतली. आता तिनं 'माझी' म्हनायचं नाय. म्हटलं की सटवाईच्या कानावर जातंय, आन ती लेकरू नेती."

मला एकदम माझं माहेर आठवलं. माझ्या धाकट्या भावालाही असंच कोंड्याला विकलं होतं, आणि आमची आई त्याला कितीतरी दिवस 'त्यांचा पोरगा' म्हणायची. म्हणून मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या बाईच्या तोंडून 'माझी' काढून घ्यायचं, म्हणजे पुढं पोरीला नुसती शिंक आली तरी आईच्या जिवाला घोर. ते पाप मला नको होतं. आणि 'नकार' लिहावा, तर चालतीबोलती पोरगी कागदावर कुठंच नाही असं व्हायचं.

दिवस कलल्यावर मी परत गेले. पाणी मागितलं. पाण्याला नाही कोण म्हणतं? आत चुलीपाशी टेकले. म्हटलं, "तुझं चालू दे बाई, माझ्यासाठी खोळंबू नको." मी काही विचारत नाही म्हटल्यावर तीही सैल झाली. भाकऱ्या झाल्या. परातीत उरलेल्या पिठाची तिनं तळहाताएवढी चानकी थापली, लहान लेकरासाठी करतात तशी, आणि बोटांनी तिच्यावर खळ्या पाडल्या.

मी सहज विचारलं, "या चुलीवर रोज जेवतं कोण कोण?"

"धनी हाय, मेंढरामागं जातो. मी हाय." तिनं तव्यावरची चानकी उलटली. "आन ही एक चानकी."

"ती कुणाची?"

"शेजारणीच्या पोरीची," ती म्हणाली आणि माझ्याकडं बघून हळूच हसली.

"रोज करतेस?"

"रोज."

मी लिहिलं. तिनं मान लांब करून विचारलं, "काय लिवलं?"

"भाकऱ्या लिहिल्या."

"मंग लिव्हा." आणि अर्धी भाकरी ठेच्यासकट माझ्या हातावर ठेवली.

कागद बघून साहेब म्हणाले, "मुलीचं घरातल्यांशी नातं काय? रकाना रिकामा आहे."

मी म्हटलं, "साहेब, त्या चुलीवर जेवते एवढं नक्की. नातं पुढच्या फेरीला भरू." ते कुरकुरले, पण राहू दिलं.

पुढची फेरी निघाली तोवर पोरगी कोकरामागं पळण्याएवढी झाली होती. आईनं मला लांबूनच ओळखलं, "या की बाई, बसा." शेजारीणही ओट्यावर होतीच. ती म्हणाली, "हिनं गूळ देऊन नेली बरं का माघारी. माझा सौदा मोडला!"

मी कागद काढला. विचारलं काहीच नाही. आईनं शेजारणीकडं बघितलं. शेजारीण म्हणाली, "सांग की आता. पोर मोठी झाली, काय भ्यायचंय?"

आई म्हणाली, "लिव्हा. माझी हाय."

आणि लगेच पोरीला जवळ ओढून तिच्या तोंडावरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"सोड की गं आई," पोरगी ओरडली. या वेळी तिच्या तोंडावर कुणी हात ठेवला नाही.