नणंदबाई बसून राहिल्या

भिवंडीत राहून माझ्या नणंदबाईंकडून एकदाही ‘बाजूला व्हा’ ऐकलं नाही, असा माणूस मला अजून भेटायचा आहे. यंत्रमागाचे शेठ, यंत्रमागावरचे कामगार, ट्रकचे ड्रायव्हर, दोन-तीन नगरसेवक, लग्नातले भटजी, आणि एकदा तर वरातीतला घोडा आणि त्याच्यावर बसलेला नवरदेव, सगळ्यांना त्यांनी बाजूला केलं होतं. आवाज त्या कधी चढवत नसत. नुसतं समोर बघून, भाजीवाल्याला कोथिंबीर मागावी इतक्या साधेपणाने ‘बाजूला व्हा’ म्हणत, आणि माणसं होत. का होत, हे त्या माणसांनाही नंतर सांगता यायचं नाही. आमच्या गणपतीत आरतीला देवापुढे गर्दी झाली की त्यांना राहवत नसे. एकेका घरातला एकच माणूस आत ठेवून बाकीच्यांना त्या अंगणात उभं करत आणि आतल्याची आरती झाली की बाहेरच्याला सोडत. सासूबाई एकदा म्हणाल्या, ‘अगो, द्येव काय आजारी हाय?’ नणंदबाई म्हणाल्या, ‘न्हाय. पन गर्दीत बरा मानूसपन आजारी पडतो.’

एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात त्या कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज होत्या. म्हणजे मशीनमध्ये बोटं गेलेले, विंचू चावलेले, हायवेवर पडलेले, छातीत कळ आलेले असे सगळे पेशंट जिथे आधी येऊन पडतात, तिथल्या सगळ्या नर्सेसच्या वरच्या. आमच्या गावातून नर्सिंग शिकायला गेलेली पहिली मुलगी त्याच. तेव्हा घरची भातशेती होती आणि खाडीतली मासळी. पुढे शेतांवर गोदामं उभी राहिली, माझ्या नवऱ्याने गाडी घेतली, घराला संगमरवर लागलं, आणि बहिणीने आता नोकरी सोडावी असं त्याला वाटू लागलं. लोक काय म्हणतील, असं तो अधूनमधून जेवताना म्हणायचा. नणंदबाई ‘भाकरी वाढ’ म्हणायच्या आणि सकाळी शेअर रिक्षात तिसऱ्या सीटवर बसून ड्युटीला जायच्या. लग्न त्यांनी केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणत, स्थळ बघायला आलं तेव्हा मी ड्युटीवर होते.

कॅज्युअल्टीतले त्यांचे नियम घरीही लागू होते, त्यामुळे हॉस्पिटलात पाऊल न टाकताही मी निम्मी नर्स झाले. पहिला नियम, पळायचं नाही. भरभर चालायचं. नर्स पळताना दिसली की पेशंटचे नातेवाईक रडायला लागतात, असं त्यांचं म्हणणं. दूध उतू जात असलं तरी मी आमच्या घरात कधी पळाले नाही. भरभर चालत गेले आणि बऱ्याचदा उशिरा पोहोचले. दुसरा नियम, ओरडतो तो जिवंत आहे, गप्प आहे त्याच्याकडे आधी जा. एका रविवारी मांजराने तव्यावरची माशाची तुकडी पळवली म्हणून सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. मी काठी शोधत होते, नवरा मांजरामागे गेला होता. नणंदबाईंनी त्या गोंधळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या सरळ कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या सासऱ्यांकडे गेल्या, त्यांचं तोंड उघडलं आणि घशात अडकलेला माशाचा काटा चिमट्याने बाहेर काढला. सासऱ्यांनी एक आवंढा गिळला आणि मांजराचं काय झालं ते विचारलं.

भाषांच्या बाबतीत त्या कंजूष होत्या. पण कामापुरती प्रत्येक भाषा त्यांच्यापाशी होती. घरी आगरी, डॉक्टरांशी पुस्तकातली मराठी, यंत्रमागावरच्या भय्यांशी हिंदी, पद्मानगरच्या विणकरांसाठी तेलुगूतलं ‘कुठे दुखतं’ एवढं एकच वाक्य. उत्तर तेलुगूत आलं की त्यांना कळत नसे, पण पेशंटचं बोट अंगावर कुठे गेलं ते कळे, आणि तेवढं पुरे. लोडशेडिंगमुळे तेव्हा अख्ख्या गावातल्या मागांची खटखट थांबायची. आम्हाला शांत वाटायचं, त्यांना काळजी लागायची. लाइट आली की झोपाळलेली माणसं घाईने मागावर उभी राहतात आणि मग मशीनमध्ये हात सापडतात, हे त्यांना ठाऊक होतं. लाइट यायची वेळ झाली की त्या आपल्या सगळ्या मुलींना जेवायला बसवायच्या. हाताखालच्या नर्सेसना त्या मुलीच म्हणत. नणंदबाईंच्या डब्यात आमच्या घरच्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट अशी भरलेली असे की तो डबा नव्हे, एखादं पातेलंच वाटावं. रागवायचं असलं तर पेशंटसमोर कधी नाही. चादरींच्या खोलीत नेऊन दार लोटून, इतक्या हळू आवाजात रागवत की नवीन मुलगी ऐकण्यासाठी पुढे वाकायची. आणि आधी विचारत, ‘जेवलीस का?’

तर अशा या बाईंच्या हाताखाली रेहाना नावाची मुलगी लागली. गावातल्याच कोकणी मुसलमान घरातली. वडील उर्दू शाळेत मास्तर. पांढरा युनिफॉर्म घालून बाहेर पडलेली त्यांच्या घरातली ती पहिलीच. नणंदबाई तिचं कधी तोंडावर कौतुक करत नसत, पण घरी आल्यावर ‘त्या पोरीचा हात हलका हाय’ असं दोनदा म्हणाल्या, म्हणजे आमच्याकडे ते पदकच.

एके दुपारी दापोड्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने आपल्या म्हाताऱ्या आईला कॅज्युअल्टीत आणलं. तिला श्वास घेता येत नव्हता. बरोबर दोन गाड्या भरून माणसं. रेहानाने त्यांना सांगितलं की एकाने थांबा, बाकीचे बाहेर थांबा, आत पेशंट आहेत. मुलाने तिच्या कानशिलात लगावली. ती खाटेच्या कडेवर आदळली, सावरली, आणि म्हातारीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसवायला लागली. नणंदबाई पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटपाशी होत्या. त्यांनी येऊन सगळ्यांना बाहेर काढलं, मारणाऱ्यालाही. म्हातारी वाचली, वरच्या वॉर्डात गेली. मगच त्या रेहानाला चादरींच्या खोलीत घेऊन गेल्या आणि कानात टॉर्च मारून बघत म्हणाल्या, ‘ऐकू येतंय ना नीट?’ ती म्हणाली, ऐकू येतंय. आणि मग रडली.

हॉस्पिटलच्या साहेबांचं म्हणणं पडलं की गोष्ट वाढवू नये. माणूस वजनदार आहे, ट्रस्टींच्या ओळखीचा आहे, शिवाय आपल्या गावात गोष्ट कुठून निघते आणि कुठे जाते ते आपण जाणतोच. रेहानाला लहान मुलांच्या वॉर्डात टाकू, तिथे शांत असतं. दुसऱ्या दिवशी रेहानाचे वडील आले. फार सभ्य माणूस. ते म्हणाले की मुलीने नोकरी केली याचा आम्हाला अभिमान होता, पण मार खायला आम्ही तिला पाठवलं नव्हतं, उद्यापासून ती येणार नाही. नणंदबाईंनी त्यांना थोडे दिवस मागून घेतले. तो माणूस इथे येऊन तुमच्या मुलीची माफी मागेल, असा त्यांनी शब्द दिला. शब्द त्यांनी साहेबांना विचारून दिला नव्हता. आम्हाला तर नाहीच.

आमचा प्रश्न असा, की त्या ट्रान्सपोर्टवाल्याचे सगळे ट्रक आमच्याच गोदामात भरत. माझ्या नवऱ्याचा तो रोजच्या उठण्याबसण्यातला, शिवाय दूरच्या नात्यातला. रात्री जेवताना नणंदबाईंनी हे सांगितलं आणि उद्या त्याच्याकडे जाणार म्हणाल्या, तेव्हा नवऱ्याने हातातला घास खाली ठेवला. म्हणाला, ‘ताय, मानूस आपला हाय.’

‘आपला हाय म्हनूनच जातंय,’ नणंदबाई म्हणाल्या. ‘परका असता तं पोलिसांत गेली असती.’

दुसऱ्या दिवसापासून सकाळची ड्युटी संपली की त्या पांढऱ्या युनिफॉर्ममध्येच दापोड्याला जायच्या आणि त्याच्या ऑफिसात एका स्टुलावर बसायच्या. काही मागायच्या नाहीत, काही बोलायच्या नाहीत. शेठ ऑफिसात नाहीत असं कोणी सांगितलं की ‘बसते’ म्हणायच्या. चहा दिला तर प्यायच्या. ऑफिसात युनिफॉर्ममधली नर्स बसलेली बघून पहिल्या दिवशी ड्रायव्हर बिचकले. मग एकाने पायावरचा फोड दाखवला. दुसऱ्याला चक्कर यायची. तिसऱ्याला आपल्या बायकोबद्दल विचारायचं होतं. चार-पाच दिवसांत तिथे अशी रांग लागायला लागली की माल घेऊन निघालेले ट्रकही वाट वाकडी करून यायचे. नणंदबाईंनी येणाऱ्यांसाठी बाक भिंतीकडे सरकवला, पंख्याची दिशा बदलली आणि तंबाखू थुंकायचा डबा बाहेर ठेवायला लावला. मालक मागच्या दाराने येऊन मागच्या दाराने जायचा. फोनवर कोणी भाड्याचं विचारलं तर इकडून कोणीतरी खोकत असायचं.

नवऱ्याने मला पाठवलं, बहिणीला समजावून घरी आण म्हणून. मी गेले. त्यांनी मला बाकावर जागा करून दिली आणि मीही बसले. त्याच दिवशी तो मालक समोर आला. दांडगा माणूस, पण डोळे जागरणाने सुजलेले. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला आणि म्हणाला की ताई, चूक झाली, पण आईला असं कधी बघितलं नव्हतं, तिचे ओठ निळे झाले होते, आणि ती पोरगी मला बाहेर जा म्हणाली. घाबरलो मी.

नणंदबाईंनी त्याला पुरं बोलू दिलं. मग म्हणाल्या, ‘घाबरलास ते खरं हाय. माझ्याकडे येतो तो घाबरलेलाच येतो. सगळे मारत न्हाईत.’

त्याने खुर्ची आणखी पुढे ओढली. मग म्हणाला, तुमची माफी मागतो. आणि खरंच त्यांच्या पायाला हात लावायला वाकला. नणंदबाईंनी पाय मागे घेतले.

‘माझ्या गालाला काय झालंय?’

मग तो म्हणाला की त्या मुलीला घरी बोलवा, चार माणसांत नको. नणंदबाई म्हणाल्या, मारताना चार माणसं होती, आणि दुपारी दोन वाजता शिफ्ट बदलते तेव्हा सगळ्या मुली असतात. एवढं सांगून त्यांनी पुढच्या ड्रायव्हरला जवळ बोलावलं. मालक उठून मागच्या दाराने गेला. परतताना रिक्षात मी म्हटलं, ताई, नाही आला तर? त्या म्हणाल्या, तर उद्या परत जाईन. नोकरी गेली तर? तर सकाळपासून जाईन. त्यांच्या आवाजात जिद्दीचा लवलेशही नव्हता. बाजारात काय आणायचं ते सांगावं तशा त्या बोलत होत्या, आणि तेव्हा मला त्या माणसाची दया आली.

तो आला. लगेच नाही, पण आला. एकटा, कपाळावर घाम, हातातल्या चाव्यांशी चाळा करत. त्या दुपारी मी नणंदबाईंचा विसरलेला डबा द्यायला गेले होते, म्हणून ते माझ्या डोळ्यांनी बघितलं. दोन्ही शिफ्टच्या मुली भिंतीशी उभ्या होत्या. साहेब दारात उभे, आपण इथे नाहीच असा चेहरा करून. तो जमिनीकडे बघत म्हणाला, माफ कर.

‘तिच्याकडे बघून,’ नणंदबाई म्हणाल्या.

त्याने मान वर केली आणि पुन्हा म्हणाला. रेहाना त्याच्याकडे बघत होती. आता ती जाऊ द्या म्हणेल, असं आम्हाला सगळ्यांनाच वाटलं. ती म्हणाली, ‘ठीक आहे. आता बाहेर थांबा, आत पेशंट आहेत.’

तो गेला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन खरंच थांबला. कशासाठी थांबायचं ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासाने नणंदबाई त्याला घरी जा म्हणाल्या, तेव्हा तो उठला. आईचं कसं आहे तेही त्यांनी विचारलं. चादरींच्या खोलीत त्या दिवशी कोणालाही रागवलं गेलं नाही.

रेहाना कॅज्युअल्टीतच राहिली. तिच्या वडिलांनी ईदला आमच्या घरी शीरखुर्मा पाठवला आणि पुढे दर ईदला पाठवत राहिले. ट्रान्सपोर्टवाल्याचे ट्रक काही महिने दुसऱ्या गोदामात भरले, मग परत आमच्याकडे आले. नवऱ्याने तेवढे दिवस बहिणीशी अबोला धरला होता. पण अबोला धरलाय हे नणंदबाईंच्या लक्षातच न आल्याने तो फुकट गेला.

नणंदबाई आता रिटायर झाल्या आहेत. गुडघे दुखतात, ओटीवर खुर्ची टाकून बसतात आणि रस्त्याने जाणाऱ्या कंटेनरांकडे बघतात. परवा संध्याकाळी शेजारी बसून मी त्यांना विचारलं की ताई, एवढं कशासाठी मनावर घेतलं होतं तुम्ही तेव्हा? मला वाटलं, नियमाचं काहीतरी सांगतील. त्यांनी दुखरा गुडघा जरा सरळ केला. मग म्हणाल्या की नवीन लागले होते त्या वर्षी मलाही एकाने मारलं होतं, वॉर्डात, सगळ्यांसमोर. इतक्या वर्षांत हे त्यांनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

‘मेट्रनबायनी मना चहा दिला, नी परत ड्युटीवर धाडली,’ त्या म्हणाल्या. ‘चहा चांगला व्हता. मना चहा नको व्हता.’

कोणी मारलं, असं मी विचारलं. नाव आठवत नाही म्हणाल्या. चेहराही नाही. बोलताना त्यांचा हात आपोआप डाव्या गालाकडे गेला होता. मी त्यांचा दुसरा हात हातात घेतला. असलं आमच्यात कधी होत नाही. त्यांनी हात काढून घेतला नाही. रस्त्यावरून दोन-तीन कंटेनर गेले, अंधार पडायला लागला.

‘तुजा हात गार लागतंय गो,’ त्या म्हणाल्या. ‘उद्या रगत तपासून घे.’