लेथला जोडलेले दिवे

सातपूरच्या आमच्या गाळ्यात आता दिव्यांना साधी बटणं आहेत. मधले काही दिवस नव्हती, आणि तो माझाच शहाणपणा होता. जेवायला गेल्यावर दिवे उगाच जळत राहायचे, त्याचा मला भयंकर राग यायचा. म्हणून एका रविवारी मी सगळी बटणं काढली आणि दिवे लोखंड कातायच्या लेथ मशीनला जोडले. मशीन चालू केलं की उजेड, बंद केलं की अंधार. धाकटा भाऊ आधी कुरकुरला. मग तोही उजेड हवा असला की सरळ मशीनचं हिरवं बटण दाबू लागला.

त्या सकाळी निफाडकडचा गारठा असा होता की आम्ही शटर खाली ओढून काम करत होतो. मी मशीन बंद केलं. दिवे गेले. चक मात्र फिरतच राहिला. जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, पकडणारा तो जड लोखंडी गोळा बंद केल्यावरही थोडा वेळ फिरतो. तो तळहाताने दाबून थांबवायचा, ही आमची वडिलांपासूनची खोड. काही दिसत नसताना माझा हात आपणहून पुढे गेला. गार लोखंड तळव्याखाली सरकत सरकत थांबलं. आवाजही थांबला.

हात मागे घेतला, तर येईना. स्वेटरची बाही चकच्या जबड्यात अडकली होती.

अंधारात मशीनच्या पलीकडे पावलं वाजली.

"थांब दादा," भाऊ मायेने म्हणाला, "उजेड करतो."