मोरपिशी विहीर

नागेशअण्णा पाण्याची बाटली उजेडात धरून रंगाऱ्याचं नाव सांगायचे. आमच्या प्रयोगशाळेत कारखान्यांचं सांडपाणी तपासायला यायचं. मी यंत्र सुरू करेपर्यंत अण्णा म्हणायचे, "हा म्हैसूर रोडकडचा म्हातारा. गुलाबीत नेहमी स्वल्प निळं घालतो." चौकशी केली की खरंच निघायचं. मी पुण्याहून पीएचडी मिरवत आलेली आणि हे आमचे अटेंडर. आधी राग यायचा, मग मी मुकाट्यानं ऐकून घ्यायला शिकले. आज अण्णा नाहीत, आणि माझं यंत्र अजून नाव सांगत नाही.

त्यांचं घराणं रेशीम रंगवणारं, कित्येक पिढ्यांपूर्वी बेंगळुरूत येऊन राहिलेलं. नारळाच्या करवंट्यांचा कोळसा करण्यात अण्णांचा हात धरणारा कुणी नव्हता. राख होऊ न देता भाजायचं, मग वाफ द्यायची. तो कोळसा पाण्यातला रंग असा ओढून घ्यायचा की बघत राहावं. मी म्हणायचे, "गेला रंग." अण्णा मान हलवायचे. "गेला नाही, मॅडम. आत जाऊन बसलाय. रंग मरत नाही, जागा बदलतो." भर दुपारी ते ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा.

एका उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या. राजाजीनगरातल्या त्यांच्या गल्लीनं अण्णांच्या परसातली बंद विहीर उघडायचं ठरवलं. पाणी भरपूर होतं, पण मोरपिशी. शेजारीच त्यांचा जुना रंगाचा कारखाना, त्याचा खड्डा अजून झिरपत होता. "हा रंग आमच्या वेंकूच्या हातचा," अण्णा म्हणाले आणि घाम पुसायला लागले.

वेंकू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. तीस वर्षांपूर्वी याच मोरपिशीवरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, आणि संध्याकाळी वेंकूचा शर्ट विहिरीच्या काठावर सापडला. लोकांनी गळ टाकून पाहिले, काही लागलं नाही. त्या गडद पाण्यात तळ कुठला दिसायला? विहिरीवर झाकण बसलं. अण्णा मात्र रोज सकाळी त्या झाकणाला कान लावून बोलायचे. "मी माफी मागतो. तो 'हूं' म्हणतो," त्यांनी मला सांगितलं, दूधवाला येऊन गेला असं सांगावं इतक्या साधेपणानं.

आम्ही काठावर कोळशाचं मोठं पिंप बसवलं. पंपानं पाणी पिंपात चढायचं आणि निवळून विहिरीत परत पडायचं. संध्याकाळी धार नितळ असायची, सकाळी पुन्हा मोरपिशी. तीनदा असं झालं. विहिरीला हे नको आहे, असं शेजारच्या बायका कुजबुजायला लागल्या. खोटं कशाला बोलू, मीही टरकले होते. चौथ्या सकाळी धारेखाली लिटमस कागदाची पट्टी धरली आणि डोक्यात तिडीकच गेली. पाण्यात धुण्याचा सोडा होता. सोडा घातला की कोळसा धरलेला रंग सोडून देतो, हे रंगाऱ्याच्या घरात जन्मलेल्याला शिकवावं लागत नाही.

"अण्णा, अख्खी गल्ली टँकरमागे धावतेय आणि तुम्ही पिंपात सोडा टाकता?"

ते काठावरच बसले. "तळ दिसेल, मॅडम. वेंकू दिसेल. मग तो मेलाच की."

मला रडू आलं. तरी मी म्हणाले, लोकांना पाणी लागतंच. अण्णा "सरी, बरं" म्हणाले आणि नवा कोळसा त्यांनी स्वतःच्या हातांनी भरला.

दोन आठवड्यांनी तळ दिसला. एक माणूस खाली उतरला, वीतभर गाळ होता तो त्यानं चाचपून चाचपून वर पाठवला. त्यात एक फुटकी बादली निघाली. हाड नाही, कपडा नाही, काही नाही.

मी आनंदानं अण्णांचा हात धरला. "अहो, वेंकू इथं नव्हताच. रागानं घर सोडून गेला असणार. कुठंतरी जिवंत असेल."

मला वाटलं, ते हसतील. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि हात बर्फासारखा गार.

"असेल," ते हळूच म्हणाले. "पण मॅडम, मग इतकी वर्षं मला 'हूं' म्हणत होतं ते कोण?"